जिथे नंदी नाही, तिथून सुरुवात कर

वाचकाचं पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार. मी नाशिकच्या इंदिरानगरला राहते, वय २९, त्यामुळे मला 'तू'च म्हणा. आमच्या भागातल्या छोट्या वाचनालयात जूनपासून 'महिन्याला एक गोष्ट' सुरू करतेय. आठ ते चौदा वयाची तीसेक मुलं येतील. निम्मी आमच्या सोसायट्यांमधली, निम्मी जवळच्या वसतिगृहातली. त्यांची गावं पेठ-सुरगाण्याकडची. पुराणकथा आणि लोककथा मिळून ४७ गोष्टींची यादी केलीय, हव्यात बारा. प्रत्येकीपुढे 'तात्पर्य' असा रकाना आखला, पण त्याने काही सुटेना. शूर्पणखेची गोष्ट सांगणार म्हटल्यावर एका पालकांनी नाक मुरडलं. चिऊ-काऊचा शेवट मी बदललाय, माझ्या गोष्टीत शेवटी दोघं एकाच घरात राहतात. वसतिगृहातल्या मुलांकडच्या गोष्टी मी सांगाव्यात की नाही, तेही कळत नाही. निवडायचं कसं? यादी सोबत जोडली आहे.
– एक गोष्टवेडी

प्रिय गोष्टवेडी,

शूर्पणखेच्या गोष्टीवर पालकांनी 'नाक मुरडलं' हे तू मुद्दाम लिहिलंस की सहज आलं? कसंही असो, मला आवडलं.

यादी दोनदा वाचली. आधी तो तात्पर्याचा रकाना खोडून टाक. अकरा गोष्टींपुढे तू 'लोभ वाईट' लिहिलंयस आणि नऊंपुढे 'एकीचे बळ'. या हिशेबाने वर्षभरात तुझ्या फार तर पाच-सहा गोष्टी सांगून होतील, आणि त्या मुलांना आधीच पाठ असतील. शाळेच्या फळ्यावर रोज सुविचार असतोच. मूल गोष्टीला बसतं ते त्यात कुणाचं तरी काहीतरी अडलेलं असतं म्हणून. त्या रकान्याच्या डोक्यावर नवीन नाव घाल : 'इथे मूल काय विचारेल?' जिथे काहीच लिहायला सुचत नाही, ती गोष्ट तूर्त बाजूला. निम्मी यादी तिथेच गळेल असं मला वाटतं.

एक गोष्ट घेऊन दाखवते. ती तुझ्या यादीत नाही याचं नवल वाटलं. इंदिरानगरची माणसं पंचवटीत फक्त पाहुणे आल्यावर जातात की काय!

रामकुंडासमोरच्या पायऱ्या चढून वर गेलं की कपालेश्वराचं देऊळ. गाभाऱ्यात पिंडी आहे, समोर नंदी नाही. का नाही, त्याची गोष्ट सांगतात ती अशी. ब्रह्मदेवाला तेव्हा पाच तोंडं होती. चार तोंडं वेद म्हणायची आणि पाचवं निंदा करायचं. शंकराने रागाच्या भरात ते पाचवं उडवलं आणि ब्रह्महत्येचं पातक पाठीशी लागलं. त्रिभुवन पालथं घातलं तरी सुटका होईना. हिंडत हिंडत एका ब्राह्मणाच्या अंगणाशी आला, तर गोठ्यात गाय आणि तिचा गोऱ्हा बोलत होते. गोऱ्हा म्हणाला, "उद्या मालक माझं नाक टोचून वेसण घालणार. मी त्याला शिंगावर घेणार." गाय म्हणाली, "अरे, ब्रह्महत्या लागेल." गोऱ्हा म्हणाला, "लागू दे. ती कुठे धुवायची ते मला ठाऊक आहे." शंकर तिथेच थांबला. सकाळी बोलल्याप्रमाणे झालं. गोऱ्हा काळाठिक्कर पडला, धावत सुटला, गोदावरीत बुडी मारली आणि पांढराशुभ्र होऊन वर आला. त्याच्या मागोमाग शंकराने बुडी मारली, तोही सुटला. तो गोऱ्हा म्हणजे नंदी. ज्याने वाट दाखवली तो गुरू झाला, आता गुरूला समोर बसवून त्याच्याकडून नमस्कार कसा घ्यायचा? म्हणून इथे नंदी नाही.

ही गोष्ट मी बऱ्याच वेळा सांगितली आहे आणि दर वेळी मुलांचे दोन तट पडतात. गोऱ्ह्याने मारलं ते बरोबर की चूक? एकदा दिंडोरीकडचा एक मुलगा, तोवर अवाक्षर न बोललेला, एकदम म्हणाला, "आमच्या सर्जाला वेसण घातली तेव्हा तो दोन दिवस वैरणीला शिवला नव्हता." त्यानंतर अर्धा तास मला काही बोलावंच लागलं नाही. तात्पर्य लिहायचं तर या गोष्टीपुढे काय लिहिशील? 'खून केला तरी आंघोळ करावी'? पण प्रश्न बघ किती आहेत. देवाला माहीत नव्हतं ते वासराला कसं माहीत? मेलेल्या ब्राह्मणाचं पुढे काय झालं? त्याच्याबद्दल कुणीच काही बोलत नाही, हे एखाद्या पोरीच्या लक्षात येतंच.

आणि गोष्ट संपल्यावर जाऊन बघता येते. नसलेला नंदी बघायला मुलं ज्या उत्साहाने पायऱ्या चढतात, तो असलेला नंदी बघायला नसतो.

नाशिकमध्ये गोष्टी सांगणाऱ्याची ही चैन आहे, इथल्या गोष्टींना पत्ता असतो. वणीच्या गडावर सप्तशृंगीची मान किंचित कललेली आहे. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पुराण सांगत आणि देवी कान देऊन ऐके, असं म्हणतात. अठरा हातांची, महिषासुराला मारणारी देवी, आणि लोकांनी तिची आठवण ठेवली ती ऐकणारी म्हणून. इगतपुरी तालुक्यात टाकेदला जटायू पडला असं मानतात. म्हातारा पक्षी, समोर रावण, आपण हरणार हे माहीत असताना आडवा जातो. आठ वर्षांच्या मुलांना रामायणातलं एकच काही सांगायचं तर मी जटायू सांगेन. सोन्याचं हरीण त्यांना आधीच ठाऊक असतं.

त्र्यंबकची गौतम ऋषींची गोष्ट तू 'गोदावरीचा उगम' अशा मथळ्याखाली भूगोलासारखी लिहिली आहेस. ती पुन्हा वाच. दुष्काळ पडलाय, गौतमांच्या आश्रमात तेवढं धान्य पिकतंय, आणि ज्यांना ते जेवू घालतात त्यांच्याच पोटात दुखू लागतं. मग गणपतीच्या करवी एक मायेची गाय रचून शेतात सोडतात. गौतम तिला हाकलायला दर्भाची एक काडी फेकतात आणि गाय मरून पडते. ज्यांनी रचलं तेच गोहत्येचं बोट दाखवायला पुढे! त्या पातकासाठी ब्रह्मगिरीवर तप, शंकराच्या जटेतून गंगा, ती पळू लागते म्हणून कुशाने घातलेला बांध, तेच कुशावर्त. आपली नदी एका खोट्या आळातून निघाली आहे, हे गोष्टीत धडधडीत लिहिलेलं असताना आपण ते गाळून नुसता उगम सांगतो. वर्गात कुणावर पेन चोरल्याचा खोटा आळ आलेला असतो, त्या मुलाला ही गोष्ट कुठे लागते ते मग तुला कळेल. 'गोहत्या' या शब्दाला आजकाल फार धार आली आहे म्हणून गोष्ट टाळू नकोस. भर आळावर दे, काडी किती हलकी होती ते हातात गवताची काडी धरून दाखव.

अमृताचा थेंब नाशिकात पडला ती सिंहस्थाची गोष्ट मात्र मी घेणार नाही. २०२७ तोंडावर आलंय, ती त्यांना प्रत्येक फ्लेक्सवर वाचायला मिळेल.

आता शूर्पणखा. पालकांना एकदम परकं समजू नकोस, त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे आणि तुझ्याही. मी एकदा एका शाळेत ही गोष्ट मोठ्या हुशारीने सांगितली. पंचवटी, नाक कापलं, नासिका, म्हणून नाशिक. टाळ्या पडल्या. मग चौथीतली एक मुलगी उठून म्हणाली, "पण ती परत घरी गेली तेव्हा तिला कोण काय म्हणालं?" मला उत्तर येत नव्हतं. येणार कसं? मी गोष्ट एका विनोदासाठी वापरली होती, पुढचं वाचलंच नव्हतं. घरी येऊन वाल्मीकींचं अरण्यकांड काढलं. राम तिची थट्टा करतो, 'माझं लग्न झालंय, हा धाकटा मोकळा आहे' म्हणून तिला लक्ष्मणाकडे पाठवतो. लक्ष्मण तिला परत रामाकडे पाठवतो. मग ती चिडून सीतेवर धावते आणि पुढचं घडतं. ती रडत भावाकडे, खराकडे, जाते, तिथून युद्ध पेटतं. ही थट्टा मूळ गोष्टीत आहे. ती गाळून सांगितली तर शूर्पणखा नुसती राक्षसीण उरते, आणि सगळी ठेवून सांगायची तर ऐकणारं मूल किमान बारा वर्षांचं हवं. म्हणून माझं मत, पहिल्या वर्षी नको. मोठ्या मुलांचा वेगळा गट पडला की जरूर सांग, पालकांना आधी बसवून त्यांच्यासमोर एकदा सांग आणि मग मुलांना.

गावाचं नाव सांगायचंच असेल तर नऊ शिखरांवरून नाशिक, हीही व्युत्पत्ती लोक सांगतात. आणि पांडवलेण्यांमध्ये सातवाहन राजा कण्हाच्या काळचा, दोन हजार वर्षांपूर्वीचा, शिलालेख आहे, त्यात 'नासिक' हा शब्द आहे. खुद्द ती लेणी बौद्ध भिक्षूंची. पांडव तिथे राहिले ही लोकांनी नंतर जोडलेली गोष्ट. पण ती जोडावीशी का वाटली, हा काय कमी प्रश्न आहे? कातळात एवढं कोरलेलं बघून लोकांना वाटलं, हे माणसाचं काम नव्हे, भीमासारखा कुणीतरी हवा. दोन्ही सांग, कोणतं दगडात लिहिलंय आणि कोणतं तोंडी आलंय ते वेगळं करून सांग. 'असं म्हणतात' हे दोन शब्द तुझ्या फार कामाला येतील. अंजनेरीला हनुमानाचा जन्म झाला हे आपण लहानपणापासून ऐकतो. हम्पीजवळच्या अंजनाद्रीचे लोकही तेच म्हणतात आणि तिरुमलावालेही. 'असं इथले लोक म्हणतात' म्हटलंस की कुणाशी भांडण उरत नाही. लक्ष्मणरेषेवरून कुणी वाद घातला तर सांग की वाल्मीकींत ती नाही, नंतरच्या सांगणाऱ्यांनी ओढली. मला स्वतःला ती आवडते. चित्र म्हणून फार चांगली आहे.

सीतागुंफेच्या गल्लीतून मुलांना नेशील तर शेजारी काळाराम मंदिर आहे. तिथे २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. ही पुराणकथा नव्हे, इतिहास आहे, तेव्हा बारांमध्ये धरू नकोस. पण त्या दरवाजासमोर उभं राहून फक्त रामाची गोष्ट सांगून परत येऊ नकोस.

चिऊ-काऊवर मात्र मी तुझ्याशी भांडणार आहे.

शेणाचं घर वाहून गेलंय, बाहेर धो धो पाऊस, काऊ दार ठोठावतोय आणि चिऊ आतून म्हणतेय, "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते." ही गोष्ट आपण दोन वर्षांच्या बाळाला भात भरवताना सांगतो आणि बाळ हसतं. किती दुष्ट आहे ती चिऊ, कधी विचार केलास? की तिचं बरोबर आहे, कावळ्याला बाळाजवळ कशी घेईल? माझ्या आजीच्या गोष्टीत ती शेवटी दार उघडते, काऊला चुलीजवळ बसवते आणि तो भाजतो. आत्याच्या गोष्टीत दार उघडतच नव्हतं, गोष्ट 'थांब, थांब' करत मुलं झोपेपर्यंत चालायची. तुझ्या गोष्टीत दोघं एका घरात राहतात, चिऊ माफी मागते आणि खाली 'एकीचे बळ'. अगं, मग दार ठोठावलं कशाला? आमच्या शेजारचा सात वर्षांचा पोरगा काय करतो, त्याला ती 'थांब'ची ओळ आली की तो स्वतःची घालतो : "थांब, माझ्या बाळाचा ऑनलाइन क्लास चालू आहे." गोष्ट बदलावी तर अशी. दार बंद राहिलं, बहाणा आजचा आला. भाषा बदल, लांबी कमी कर, बहाणे नवे घाल. पण ज्यावर गोष्ट अडून बसली आहे ती खुंटी उपटू नकोस. आणि शेवट बदलायचाच असेल तर मुलांना बदलू दे. तू आजीचा सांग, आत्याचा सांग आणि विचार, तुमच्या घरी काय होतं?

व्रतकहाण्यांवर तू सरसकट काट मारली आहेस. कारण कळतं. 'उतू नकोस, मातू नकोस' आणि चुकलीस तर सगळं गेलं, हे मुलींना पुन्हा पुन्हा ऐकवायचं माझ्याही जिवावर येतं. पण श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी परत घे. राजाचं फर्मान निघतं, महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा, गावातलं सगळं दूध देवळात. लोक भ्यायले. वासरांना पाजलं नाही, पोरांना दिलं नाही, सगळं दूध ओतलं, आणि गाभारा काही भरेना. दुपारी एक म्हातारी आली. तिने घरचं सगळं उरकलं होतं. पोरांना पाजलं, सुनांना दिलं, वासरं सोडली, आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन आली. खुलभर म्हणजे केवढं? जेमतेम लहानशा भांड्याभर. ते ओतलं आणि गाभारा भरला. दुसऱ्या सोमवारी पुन्हा तसंच, तिसऱ्या सोमवारी राजा स्वतः पहाऱ्यावर. म्हातारी त्याला तोंडावर सांगते की तुझ्या हुकमाने पोरंबाळं, वासरं तळमळली, ते देवाला कसं आवडेल? वरून आलेला हुकूम आणि घरातली भूक, यावर याहून नेटकं मराठीत क्वचितच कुणी सांगितलं असेल. ती सांगताना मूळ शब्द सोडू नकोस. 'आटपाट नगर होतं' पासून 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' पर्यंत. अर्थ विचारला तर सांग, पण आधी कानावर पडू दे.

वसतिगृहातल्या मुलांबद्दल विचारलंस, त्यावर जरा सावकाश बोलते.

पेठ-सुरगाण्याकडे कोकणा आदिवासींत थाळीवर कथा सांगतात. काशाच्या थाळीच्या मध्यावर मेणाने एक काडी उभी चिकटवायची आणि सांगणाऱ्याने ती बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली ओढत राहायचं. थाळी घुमते. तो घुमारा मागे चालू असतो आणि त्यावर कणसरीची, धान्याच्या देवीची, कथा रात्र रात्र चालते. मी एकदाच ऐकली. निम्मे शब्द कळले नाहीत आणि उठावंसं वाटलं नाही. आता हे तू कागदावर उतरवून वाचनालयात पंख्याखाली वीस मिनिटांत सांगणार म्हटलंस तर हातात काय येईल, सांग. काही कथा ठरावीक देवकार्यालाच सांगायच्या असतात, एरवी नाही. तो त्यांचा रिवाज आहे आणि आपण तो विचारून घ्यायचा.

म्हणून इथे गोष्ट निवडू नकोस, सांगणारा शोध. मुलांनाच विचार, तुमच्याकडे कोण सांगतं? कुणाचा आजा असेल, कुणाची मावशी. एसटीने जा, त्यांच्याकडे बस, कोणती गोष्ट वाचनालयात चालेल ते त्यांना ठरवू दे, आणि त्यांनाच बोलाव. शहरातल्या वक्त्याला देशील तेवढंच मानधन, शिवाय प्रवासखर्च आणि जेवण. त्यांच्या बोलीत सांगू दे, अडेल तिथे वसतिगृहातली मुलं सोसायटीच्या मुलांना समजावतील. वर्षभर त्या पोरांनी इंदिरानगरच्या मराठीत ऐकायचं आणि एक दिवस उलटं व्हायचं, तेवढा एक दिवस पुरे होतो. पण मुलांना 'तुमच्याकडची एक गोष्ट सांगा बरं' म्हणून उभं करू नकोस. तेराव्या वर्षी तसं उभं राहायला कुणालाच आवडत नाही. कळवण-सटाण्याकडच्या अहिराणीलाही हेच लागू. तुझ्या सोसायटीतच कुणाची तरी आजी ती बोलत असेल आणि घरातले तिला 'शुद्ध बोल' म्हणत असतील. तिला बोलाव.

बाकीचं भराभर सांगते. लोककथा कुणाच्या मालकीची नसते, पण ती कुणी लिहून छापली असेल तर ते शब्द त्या लेखकाचे. निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो, तेव्हा पुस्तकातून जशीच्या तशी वाचून त्याचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकू नकोस. एकच गोष्ट दोन-तीन तोंडून ऐक आणि मग स्वतःच्या शब्दांत सांग, तो प्रश्नच मिटतो. ज्याच्याकडून ऐकलीस त्याचं नाव आधी घे. निवडलेली प्रत्येक गोष्ट घरी मेथी निवडताना कुणाला तरी कागद न घेता सांगून बघ. दोनदा अडखळलीस तर तुला ती अजून नीट आवडलेली नाही, दुसरी घे. आणि बाराच्या बारा आज ठरवू नकोस. सहा ठरव. उरलेल्या सहा पहिल्या सहांनंतर मुलं काय विचारतात त्यावरून ठरतील.

जूनच्या पहिल्याच शनिवारी त्यांना कपालेश्वराला घेऊन जा. आधी काही सांगू नकोस. वर गेल्यावर एवढंच विचार, इथे काय नाहीये? जो ओळखेल त्याला पायरीवर तुझ्याशेजारी बसव आणि मग सुरू कर. पहिला आठवडा चुकवू नकोस हं, पुढे पाऊस धरतो. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागलं की तिकडे तीस मुलं घेऊन जाण्यात अर्थ नाही.

तुझी,
ताई